होड्यांची तोंडं

सुलू, तुला जाऊन आज सोळा दिवस झाले. रडून झालंय, तुझ्यावर चिडूनही झालंय. आता एक गोष्ट सांगायची राहिलीय, ती सांगते. मध्ये बोलू नकोस. तुला ती खोड होती.

दहाव्या दिवशी मंदारचा फोन आला. कंपनीत तुझ्याबरोबर काम करणारा, सावर्ड्याचा, ज्याला तू सगळ्यांसमोर 'माझा इंजिनीयर' म्हणायचीस आणि तो लाजायचा, तोच. म्हणाला, "नसीमताई, येत्या रविवारी तुमच्या शाळेच्या हॉलमध्ये सुलभाताईंचं काम मांडायचं ठरवलंय. टीव्हीच्या सेटचे फोटो, सिनेमाची स्केचेस, आणि शेवटी हेल्मेट घालून बघायची, ताईंनी कॉम्प्युटरवर केलेली जयगडची खाडी. तुम्ही दोन शब्द बोला. खाडी बघून तुमचे अब्बा काय म्हणाले होते, तेवढं सांगितलंत तरी पुरे."

मी हो म्हटलं, फोन ठेवला आणि तिथंच स्टुलावर बसून राहिले. अब्बा काय म्हणाले ते समजलेली मी एकटी होते. अब्बा गेले, आता तूही गेलीस. आणि त्या दिवशी तुला मी जे सांगितलं ते खोटं होतं.

खरं काय ते आता ऐक. हेल्मेट डोक्यावर असताना अब्बा म्हणाले, "पानी भायर चाललाय, नि होड्यांची तोंडां दर्याकडं? असा कसा होयल?"

नांगर टाकलेली होडी नेहमी पाणी ज्या बाजूने येतं त्या बाजूला तोंड करून उभी राहते. ओहोटीला पाणी समुद्राकडे निघालं की होडीचं तोंड आत, गावाकडे. भरतीला उलट. जयगडात हे कोणी कोणाला शिकवत नाही, ते आपोआप कळतं. तुझ्या खाडीत ओहोटी होती. खडकांवर ओला पट्टा होता, कडेचा चिखल उघडा पडला होता, पाणी समुद्राकडे चाललेलं स्पष्ट दिसत होतं. आणि आठच्या आठ होड्या खुशाल समुद्राकडे तोंड करून उभ्या होत्या.

तू कॉम्प्युटरपाशी उभी होतीस. विचारलंस, "काय म्हणाले? काय चुकलंय?"

मी म्हटलं, "काही नाही गो. सगळं बरोबर आहे म्हणतायत."

तेच खोटं आता मला माईकसमोर उभं राहून सगळ्या गावाला सांगायचं होतं.

जे आपल्या दोघींना ओळखत नाहीत त्यांना वाटेल, यात एवढं काय? आजारी मैत्रिणीला बरं वाटावं म्हणून कोणीही असं बोलतं. पण आपलं तसं कधी नव्हतंच ना. आपली मैत्रीच मुळी माझ्या नाक खुपसण्याने सुरू झाली. डिप्लोमाच्या पहिल्या वर्षी सरांनी पितळेचा तांब्या आणि पुढे कांदे मांडून दिले होते. तुझं चित्र बघायला सगळा वर्ग जमला. सरसुद्धा हात मागे बांधून उभे राहिले. मी जवळ जाऊन बघितलं आणि म्हटलं, "खाली कांदे दोन आणि तांब्यातल्या प्रतिबिंबात तीन कसे?"

तिसरा कांदा शिपायाने दुपारी डब्याबरोबर खाल्ला होता. तांब्या तू सकाळी रंगवलास, कांदे दुपारी. सगळे हसले, तू हसली नाहीस. तू माझ्याकडे अशी बघत होतीस की मला वाटलं आता ही मला मारते. दुसऱ्या दिवशी नवीन चित्र घेऊन माझ्या डेस्कशी आलीस आणि म्हणालीस, "काय चुकलंय?"

माणसं आपलं चित्र दाखवून विचारतात, कसं झालंय? तू मला ते कधीच विचारलं नाहीस. कायम हेच, काय चुकलंय. मी चित्रकार म्हणून बेताचीच, ते तुलाही माहीत होतं आणि मलाही. पण दुसऱ्याच्या चित्रातली खोट मला लांबून दिसायची, आणि तुला ती ऐकायची असायची. "तू परीक्षक म्हणूनच जन्माला आलीस, मेली," असं म्हणायचीस आणि चित्र माझ्यापुढे सरकवायचीस. तुझ्यासारख्या मुलीला माझी गरज आहे, या एका गोष्टीवर मी ती दोन वर्षं काढली. हे तुला कधी सांगितलं नाही.

अठ्ठ्याण्णव साली डिप्लोमा संपला. मी इथं रत्नागिरीत शाळेत चित्रकलेची बाई झाले आणि तू चित्रांची गुंडाळी काखेत मारून मुंबईला गेलीस. टीव्हीत लागलीस. मालिकांची घरं उभी करायचं काम. पहिल्या फोनवर म्हणालीस, "नसीम, इथं घराला तीनच भिंती असतात. चौथ्या बाजूला कॅमेरा. कपाटं उघडत नाहीत, नळाला पाणी नाही, आणि जिना वर जाऊन संपतो." मला वाटलं तुला रडू येतंय. तू खूश होतीस.

मग दर गुरुवारी शाळा सुटल्यावर मी एसटीडीच्या बूथवर जायचे आणि आठवड्याच्या चुका वाचून दाखवायचे. बूथवाले काका आपली घड्याळाकडे बघत ऐकत बसायचे. एकदा मी म्हटलं, "दिवाळीच्या भागात टेबलावर हापूस होते."

"मेणाचे होते गो ते."

"मेणाचे असले म्हणून काय दिवाळीत पिकतात?"

तू एवढी हसलीस की तुझ्यामागचं कोणीतरी ओरडलं, शूटिंग चालू आहे म्हणून. पुढच्या भागात टेबलावर सीताफळं होती. मी वर्गातल्या मुलांना सांगितलं की ती सीताफळं माझी आहेत. त्यांना काही कळलं नाही.

मग ती दुसरी मालिका आली. नाव नाही घेत, अजून राग येतो. तिच्यात कोकणातलं एक मुसलमान घर होतं आणि ते घर तू केलं होतंस. भिंती हिरव्या, पडदे हिरवे, उशांचे अभ्रेसुद्धा हिरवे. कोपऱ्यात हुक्का. छताला झुंबर. मी बघत होते आणि माझे कान तापत होते. सुलू, तू सुट्टीत जयगडला आमच्याकडे येऊन राहायचीस. अम्मीच्या हातचं तिसऱ्या-शिंपल्यांचं कालवण ओरपून खायचीस, अब्बांच्या होडीत बसून स्केचेस करायचीस. चुन्याच्या पांढऱ्या भिंती, वासराच्या फोटोचं कॅलेंडर, अब्बांनी गल्फमधून आणलेला टेपरेकॉर्डर आणि त्यावर अम्मीने विणलेला रुमाल, हे सगळं तू बघितलं होतंस. अब्बा तांडेल, होडी चालवणारा माणूस. त्यांना हुक्का कसा धरतात तेही माहीत नव्हतं.

मी गुरुवारची वाट बघितली नाही. "आमच्या घरात हिरवं काय आहे गो? परसातलं अळू सोडून?"

तू म्हणालीस, "डायरेक्टरला बघणाऱ्याला लगेच कळायला हवं असतं."

"काय कळायला हवं असतं?"

मग मी जे बोलले ते बोलायला नको होतं. मी म्हटलं, तुला आता चूक दिसत नाही, तू विकली गेलीस. फोन मीच ठेवला. पुढे आठ महिने आपण बोललो नाही. हे भांडण आपण कधी नीट संपवलंच नाही. भिंतींबद्दल माझं म्हणणं आजही तेच आहे, त्यातलं अक्षर मागे घेणार नाही. पण तुला विकली गेलीस म्हटलं ते मागे घेते. तू तेव्हा पंचवीस वर्षांची होतीस, अनोळखी शहरात एकटी, आणि वरच्या माणसाला नाही म्हणणं काय असतं ते मला शाळेत बसून काय कळणार होतं?

समेट केलास तो तुझ्या पद्धतीने. एक दिवस कुरिअरने व्हीसीडी आली. चिठ्ठी नाही, काही नाही. तोवर तू मालिका सोडून सिनेमात गेली होतीस आणि तो तुझा पहिला सिनेमा होता, फारसा न चाललेला. त्यात एका तांडेलाचं घर होतं. मी ती व्हीसीडी घेऊन जयगडला गेले, शेजारच्यांच्या टीव्हीवर लावली. पांढऱ्या भिंती. पावसाने खाली ओल धरलेली, ती ओलसुद्धा बरोबर गुडघ्याएवढी. खिळ्याला टोपी. आणि कोनाड्यात टेपरेकॉर्डर, त्यावर विणलेला रुमाल. अब्बा खुर्चीतून पुढे वाकले आणि म्हणाले, "ह्यो तं आमचा टेप." अम्मी तोवर गेली होती. अब्बांनी तो तुकडा तीनदा मागे नेऊन बघायला लावला, रुमालासाठी.

मी तिथूनच तुला फोन केला. तू उचललास. मी म्हटलं, "टेपरेकॉर्डरची वायर प्लगला लावलेली नाही."

तू म्हणालीस, "नसीम." आणि रडायला लागलीस. झालं, तेवढंच. परत गुरुवारचे फोन सुरू झाले.

सिनेमातून तू त्या तिसऱ्या कामात कशी शिरलीस ते मला अजून धड सांगता येत नाही. नवी मुंबईतली ती कंपनी, बोटीवरच्या अधिकाऱ्यांना शिकवण्यासाठी कॉम्प्युटरवर बंदरं बनवणारी. तू म्हणालीस, व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटी. मी म्हणायचे, खोटी खाडी. तू समजावून सांगायचीस, डोक्यावर हेल्मेट घालायचं, डोळ्यांसमोर दोन छोटे पडदे, आणि मान वळवशील तसं दृश्य वळतं. "टीव्हीत चौथी भिंत नव्हती. सिनेमात कॅमेरा जाईल तेवढंच रंगवलं की भागायचं. इथं माणूस कुठेही बघू शकतो गो. पाठीमागेसुद्धा. इथं मला लपायला जागाच नाही." हे बोलताना तुझा आवाज पहिल्या फोनवर होता तसाच होता.

जयगडला मोठं बंदर होणार अशी बोलणी सुरू होती आणि तू कंपनीला सांगितलंस की ती खाडी मी करते, मला ती पाठ आहे. आपलं त्यावरून वाजलंच. मी म्हटलं, "खाडी आहे तिथं आहे. रत्नागिरीहून एसटी जाते. ती सोडून डब्यातली खाडी कशाला?"

"अब्बांना एसटीत बसवून नेशील?"

अब्बांना झटका येऊन गेला होता. उजवं अंग गेलेलं, जीभ जड झालेली. त्यांचं बोलणं आता मला एकटीलाच कळायचं. मी त्यांना इथं माझ्याकडे आणलं होतं, आणि गाडी करून जयगडला नेते म्हटलं की मान फिरवायचे. ज्या धक्क्यावर आपण हुकूम सोडले तिथं चौघांनी उचलून उतरवलेलं त्यांना चालणार नव्हतं. तीन वर्षं त्यांनी खाडी बघितली नव्हती. शिकणाऱ्या अधिकाऱ्यांसाठी कंपनी ती खाडी करत होती, सुलू, पण तू ती कोणासाठी करत होतीस ते मला त्या दिवशी कळलं. तरी मी तोंडाने 'बघू' एवढंच म्हटलं.

मग तुम्ही आलात. त्या दिवसांत सकाळी बारापर्यंत भारनियमन, म्हणून मी तुम्हाला दुपारी बोलावलं होतं. जीपमध्ये कॉम्प्युटर, गोधडीत गुंडाळलेला मॉनिटर, वायरींचा ढीग आणि मंदार. तू पुढून उतरलीस, डोक्याला स्कार्फ बांधलेला. मी दारातूनच म्हटलं, "काय गो, सिनेमा सोडलास नि आता नट्यांसारखी फिरतेस?"

तू नुसती हसलीस. मंदार बाहेरच्या खोलीत वायरी जोडत बसला आणि तू माझ्यामागून स्वयंपाकघरात आलीस. मी घावणे घालत होते. तू स्कार्फ खाली घेतलास. डोक्यावर एक केस नव्हता.

"गाठ आहे," म्हणालीस. "पसरलीय. औषध चालू आहे."

"डॉक्टर काय म्हणतात?"

"बघू म्हणतात. तुझ्यासारखंच." मग म्हणालीस, "घावणा करपतोय. आणि आज रडायचं नाही हां नसीम. आज अब्बांची खाडी आहे."

मी घावणा उलटला. मला त्या वेळी तुझा असा संताप आला होता की बोलायची सोय नाही. कधी कळलं तुला? चार महिने आधी. चार महिने तू गुरुवारी फोनवर मी काढलेल्या चुका ऐकून हसत होतीस आणि मला सांगितलं नाहीस. अजूनही तो राग आहे. तो असाच राहू दे, त्याच्याशिवाय मला करमायचं नाही.

जेवणं झाली. अब्बांच्या डोक्यावर ते हेल्मेट तू स्वतः चढवलंस, हनुवटीखालचा पट्टा हळू ओढलास, मला म्हणालीस त्यांचा हात धरून बस. मंदारने काहीतरी दाबलं. अब्बांची मान ताठ झाली. मग ती हळूहळू फिरायला लागली, डावीकडून उजवीकडे, किल्ल्याच्या टोकापासून पलीकडच्या किनाऱ्यापर्यंत. त्यांचा डावा हात माझ्या हातात होता, तो सुकाणूवर असल्यासारखा घट्ट झाला. मग मान एकाच जागी पुन्हापुन्हा जायला लागली आणि त्यांनी मला ते होड्यांचं सांगितलं. आणि पुढे म्हणाले, "सांग तिला. नीट करील ती."

ऐकलंस ना? तुझ्यासाठी निरोप होता तो. नीट करील ती, असं म्हणाले. तुझ्याबद्दल याहून मोठं बोलणं अब्बांनी कोणाबद्दल केल्याचं मला आठवत नाही, आणि ते मी गिळून बसले.

मला चूक कशी झाली तेही लगेच कळलं होतं. होड्यांचे फोटो तू सकाळी काढले असणार, भरतीला. चिखल आणि खडक दुपारी. तुझा तांब्या आणि कांदे. दुसरा कोणताही दिवस असता तर मी हेच म्हणून तुला हैराण केलं असतं, तू 'वारा समुद्राकडून होता, वाऱ्याने होड्या फिरतात' असं काहीतरी भांडून बघितलं असतंस, आणि शेवटी वहीत लिहून घेतलं असतंस. पण मी तुझ्या डोक्याकडे बघितलं. स्कार्फ परत बांधला होतास, मागची गाठ वाकडी. मी म्हटलं, सगळं बरोबर आहे म्हणतायत. तू माझ्याकडे क्षणभर बघितलंस. मग म्हणालीस, "बरं झालं."

हेल्मेट काढलं तेव्हा अब्बांचे डोळे भरले होते. त्यांचा डावा हात मी सोडला नव्हता, म्हणून मीच ओढणीने पुसले. त्या पावसाळ्यात ते गेले. शेवटी जयगडची खाडी त्यांनी पाहिली ती तू केलेली, होड्यांची तोंडं चुकलेली. मरताना सुद्धा त्यांच्या मनात असणार, हिने तिला सांगितलं का नाही.

त्यानंतर तू मला एकदाही विचारलं नाहीस, काय चुकलंय. आपण फोनवर बोलायचो, औषधाबद्दल, माझ्या शाळेबद्दल, अब्बांबद्दल. तेवढं सोडून सगळं. मला वाटलं थकलीस. हॉस्पिटलमध्ये शेवटचं भेटायला आले तेव्हा तू खिडकीकडे तोंड करून पडली होतीस, बाहेर निळा रंग दिलेली भिंत. मनात दहादा आलं की आता सांगू. म्हणजे निदान भांडलीस तरी असतीस. तू झोपेत होतीस की जागी तेही कळत नव्हतं. मी तुझ्या पायाला तेल चोळलं आणि निघून आले.

तर मंदारचा फोन आल्यापासून पाच दिवस मी हे घोळवत होते. खोटं बोलावं तर अब्बांच्या नावाने खोटं बोलायचं. खरं बोलावं तर जिथं सगळे तुझं कौतुक करायला जमणार तिथं उभं राहून तुझी चूक सांगायची, आणि तुला मी फसवलं हेही. शनिवारी संध्याकाळी हॉल लावायला मंदार आला. आम्ही दोघं मिळून तुझी स्केचेस टाचणीने लावत होतो. मला राहवेना. म्हटलं, "मंदार, मी उद्या बोलणार नाही. अब्बा काय म्हणाले ते मी सुलूला खोटं सांगितलं होतं. होड्यांची तोंडं चुकलीयत."

त्याने हातातली टाचणी खाली ठेवली. म्हणाला, "माहीत आहे, ताई."

मला वाटलं बंदरातल्या कोणीतरी त्याला सांगितलं असेल.

"नाही," म्हणाला. "सुलभाताईंनीच सांगितलं. हेल्मेट घातलेला माणूस जिकडे बघतो ते आम्हाला समोरच्या मॉनिटरवर दिसतं ना. अब्बा होडीकडे बघत होते, मग पाण्याकडे, परत होडीकडे. सात-आठ वेळा. ताईंना तिथंच समजलं काय ते."

"मग तिने मला विचारलं कशाला?"

त्याने भिंतीवरचं एक स्केच सरळ केलं. मग म्हणाला, त्या दिवशी परतताना हातखंब्याच्या फाट्याला जीप वळली. तू हसलीस. म्हणालीस, "इतक्या वर्षांत नसीमने मला कधी सगळं बरोबर आहे म्हटलं नाही. आज म्हणाली. म्हणजे माझे फार दिवस नाहीत, मंदार."

सुलू, डॉक्टर तुला बघू म्हणत होते. तुला खरं काय ते मी सांगितलं. तुला जपायला म्हणून तोंड बंद ठेवलं आणि त्या बंद तोंडानेच तुला सांगून मोकळी झाले. मी तिथंच खुर्चीवर बसले. मंदारने पाणी आणून दिलं. म्हणाला, "त्यांना राग नव्हता हो. त्याच आठवड्यात घरी बसून त्यांनी होड्या वळवल्या. आठही. मला म्हणाल्या, कोणी विचारलं तर सांग, अब्बांनी करायला लावलं." आणि मग त्याने विचारलं, खाडी आत्ताच बघायची का. मी नको म्हटलं.

म्हणजे अब्बांचा निरोप तुला पोचला होता, माझ्याशिवाय. आणि पुढचं वर्षभर दर गुरुवारी तू मला सांभाळून घेत होतीस. मला ओशाळं वाटू नये म्हणून तू तो प्रश्नच विचारायचा सोडून दिलास. तुझा केवढा लाडका प्रश्न होता तो.

काल रविवारी मी बोलले. अब्बा काय म्हणाले ते त्यांच्या बोलीत, अक्षर न बदलता सांगितलं. मी काय सांगितलं तेही सांगितलं. जयगडहून अब्बांच्या बरोबरीचे दोघं आले होते, ते मागच्या रांगेत बसून होड्यांचं ऐकताना माना हलवत होते. नंतर लोक एकेक करून हेल्मेट घालत होते. बायका दचकून हात पुढे करत होत्या. मी सगळ्यांत शेवटी गेले.

मंदारने पट्टा लावला. समोर खाडी आली. ओहोटी होती. किल्ला, पलीकडचा किनारा, खडकांवरचा ओला पट्टा, सगळं जागच्या जागी. आठही होड्या आत तोंड करून उभ्या होत्या, जशा उभ्या राहायला हव्यात तशा. मी मागे वळून बघितलं, तू मागचंही सगळं केलं होतंस, धक्का, जाळी, वर जाणारी वाट. मला तुला शाबास म्हणायचं होतं. मंदारला म्हटलं, मला जरा होड्यांजवळ ने.

त्याने नेलं. आणि मला दिसलं. होड्या तू वळवल्यास, पण नांगराचे दोर होते तिथंच राहिले. दोर तोंडापासून पाण्यात जायला हवा, तो आठही होड्यांच्या मागून जातोय. शेपटीला दावं बांधलेल्या म्हशींसारख्या उभ्या आहेत सगळ्या. आजारपणात घाईने केलं असशील, किंवा हात भरून आले असतील. पण दोर ते दोर.

हॉलमध्ये लोक माझ्याकडे बघत असणार, मला कोणी दिसत नव्हतं. हेल्मेट काढायच्या आधी, मागच्या रांगेला ऐकू जाईल एवढ्या आवाजात मी म्हटलं, "सुलू, दोर चुकलेत गो."